टीएसएच मोजतात तरी कसा? ताईच्या रिपोर्टची गोष्ट

(ताज्या भागाचं हे शब्दांकन. बोलता बोलता झालेली पुनरुक्ती काढली आहे, भाषा मात्र बोलली तशीच ठेवली आहे.)

तुमच्या घरात किंवा ऑफिसात थायरॉइडची गोळी घेणारं एक तरी माणूस असणार. सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी, ती बारीकशी गोळी. आणि त्या माणसाला आपला आकडा पाठ असतो. "माझा सात होता, आता तीनवर आलाय." लग्नाच्या पंगतीतसुद्धा या आकड्यांची देवाणघेवाण चालते. हा आकडा म्हणजे टीएसएच. तो रक्तातून मोजतात कसा, यावर आज बोलायचंय. कारण हे माहीत नसल्यामुळे मागच्या वर्षी आमच्या घरात एक नको ते औषध सुरू होता होता राहिलं.

आधीच सांगतो, मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, डॉक्टर नाही. हे ऐकून कुणी स्वतःच्या मनानं गोळी सुरू करू नका, बंदही करू नका.

ताईचा रिपोर्ट

माझी ताई नाशिकला असते. मागच्या वर्षी तिला दुसरा मुलगा झाला. बाळ चार महिन्यांचं झालं आणि तिचे केस गळायला लागले. "कंगवा फिरवला की मूठभर केस हातात येतात रे," असं फोनवर सांगायची. बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी केस गळणं अगदी नेहमीचं आहे, पण आम्हाला तेव्हा कुठे माहीत होतं? झोप नव्हतीच, थकवा होता, मधूनच छातीत धडधडायचं. फॅमिली डॉक्टर म्हणाले, थायरॉइड करून घ्या.

संध्याकाळी पीडीएफ आली. टीएसएच ०.०७. शेजारी नॉर्मलची पट्टी ०.२७ ते ४.२. फ्री टी३ आणि फ्री टी४ दोन्ही पट्टीच्या वर. तिन्ही आकडे ठळक अक्षरांत. कुठलंही पुस्तक उघडा, अर्थ एकच निघतो: थायरॉइड गरजेपेक्षा जोरात चाललीय. ज्या डॉक्टरांना दाखवलं त्यांनी थायरॉइड दाबायची गोळी लिहून दिली. पुढे किरणोत्सारी औषध देऊन स्कॅन करावा लागेल, असंही म्हणाले. स्कॅन केला की काही काळ बाळाला अंगावर पाजता येणार नव्हतं. आणि आमचं बाळ बाटली तोंडात धरायला तयार नाही. ताई रात्री फोनवर रडली. दाजी म्हणाले, "डॉक्टर सांगतायत तर करून टाकू, उगाच वेळ घालवायला नको."

आता माझ्या कामात काय होतं बघा. रात्री तीन वाजता अलर्ट येतो, सर्व्हर पडला. नवीन असताना मी धावत जाऊन सर्व्हर रीस्टार्ट करायचो. मग एका सीनियरनं शिकवलं: आधी बघ, सर्व्हर पडलाय की सर्व्हरवर नजर ठेवणारी यंत्रणाच पडलीय. तोच प्रश्न मी ताईच्या रिपोर्टला लावला आणि वाचायला बसलो. "गोळी उद्यापासून घे, पण आज रात्र मला दे," इतकंच ताईला म्हणालो.

वॉचमनची हाक

टीएसएच हे थायरॉइडचं हार्मोन नाही, इथून सुरुवात करू. अनेकांचा इथेच घोटाळा होतो. टीएसएच वाढला म्हणजे थायरॉइड वाढली असं वाटतं. प्रत्यक्षात उलटं असतं.

समजा सोसायटीच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. खाली पंपवाला आहे. आणि टाकीवर नजर ठेवणारा एक वॉचमन आहे. टाकीतलं पाणी कमी झालं की वॉचमन पंपवाल्याला हाक मारतो, "चालू कर रे!" टाकी भरत आली की तो गप्प बसतो. आपल्या गळ्यातली थायरॉइड, म्हणजे अवटू ग्रंथी, हा पंपवाला. टी४ आणि टी३ ही तिची हार्मोन्स म्हणजे पाणी. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी असते, ती वॉचमन. आणि टीएसएच म्हणजे वॉचमनची हाक.

म्हणून थायरॉइड मंदावली की टीएसएच वाढतो. पंपवाला ऐकत नाही म्हणून वॉचमन ओरडतोय. थायरॉइड उधळली की टीएसएच शून्याजवळ जातो. टाकी ओसंडून वाहतेय, हाक मारायचं कारणच नाही.

मग सरळ पाणीच का मोजू नये? फ्री टी४ मोजता येतोच की. मोजतातही. पण हाक जास्त बोलकी असते. टी४ मधला बदल आणि टीएसएचमधला बदल यांचं नातं सरळ पटीचं नाही. टी४ निम्मा झाला तर टीएसएच साधारण १०० पटीपर्यंत चढतो, असं गणित सांगितलं जातं. म्हणजे पाणी बोटभर खाली गेलं की वॉचमन घसा फोडून ओरडायला लागतो. शरीरानंच एक ॲम्प्लिफायर बसवून ठेवलाय. त्यामुळे टी४ अजून नॉर्मल पट्टीत असतानाच टीएसएच पट्टीबाहेर पडलेला दिसू शकतो.

या वॉचमनची आणखी एक सवय आहे. त्याला बदल पचायला वेळ लागतो. टी४ रक्तातून निम्मा व्हायला साधारण सात दिवस लागतात. गोळीचा डोस बदलला की टाकीची पातळी स्थिरावायलाच चार-पाच आठवडे जातात, त्यानंतर हाकेची पट्टी बसते. म्हणून डॉक्टर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासायला सांगतात. डोस बदलून दहा दिवसांत टीएसएच करून "काही फरकच नाही" म्हणणं म्हणजे डिप्लॉयमेंट अर्धवट असताना टेस्ट चालवण्यासारखं आहे.

सात कोटींतलं एक

आता मोजायचं कसं? रक्त गोठवून, नळी गरगर फिरवून वरचा पिवळसर द्रव वेगळा काढतात, तो सीरम. एका मिलिलिटर सीरममध्ये प्रथिनं असतात साधारण ७० मिलिग्रॅम. नॅनोग्रॅममध्ये सांगायचं तर ७ कोटी. त्यात टीएसएच किती? निरोगी माणसात एका नॅनोग्रॅमपेक्षाही कमी. इतक्या गर्दीतून नेमकं हेच प्रथिन मोजायचं. कुठल्याही रसायनाचा थेंब टाकून रंग बदलला असं इथे होत नाही.

वाट सापडली ती न्यूयॉर्कमध्ये, ब्रॉन्क्सच्या सैनिकांच्या हॉस्पिटलात. रोझालिन यालो ही भौतिकशास्त्रज्ञ आणि सॉलोमन बर्सन हे डॉक्टर. त्यांच्या लक्षात आलं की इन्शुलिनची इंजेक्शनं घेणाऱ्यांच्या शरीरात इन्शुलिनविरुद्ध अँटीबॉडी, म्हणजे प्रतिपिंडं तयार होतात. त्या काळच्या तज्ज्ञांना हे पटेना. त्यांचा शोधनिबंध आधी नाकारला गेला. ते नकाराचं पत्र यालोबाईंनी जपून ठेवलं आणि पुढे आपल्या नोबेल व्याख्यानात छापलं! अँटीबॉडी म्हणजे निवडक पकड असलेला हात. मग त्या हातानंच हार्मोन मोजलं तर? यातून १९६० च्या आसपास रेडिओइम्युनोअसे ही पद्धत उभी राहिली. तिचं पेटंट त्या दोघांनी घेतलं नाही. १९७७ मध्ये यालोंना नोबेल मिळालं. बर्सन १९७२ मध्येच गेले होते.

पद्धत अशी. एसटीत ४० सीट आहेत असं समजा. सीट म्हणजे अँटीबॉडी. तुम्ही लाल टोपी घातलेले ४० प्रवासी स्वतः आणलेत. हे म्हणजे किरणोत्सारी खूण लावलेलं हार्मोन. आता पेशंटच्या रक्तातले बिनटोपीचे प्रवासी त्याच गाडीत चढवा. जागेसाठी चढाओढ होणार. शेवटी बसलेल्या लाल टोप्या मोजा. टोप्या कमी दिसल्या म्हणजे रक्तातले प्रवासी जास्त होते. उलटी मोजणी, पण चालते.

१९६० च्या दशकातच टीएसएचसाठी ही पद्धत आली. थायरॉइड मंद आहे का, हे तिनं छान कळायचं. पण एक अडचण होती. टीएसएच अगदी कमी असला की गाडीत जवळजवळ सगळ्या लाल टोप्याच. चाळीसपैकी चाळीस की एकोणचाळीस, हे गर्दीत मोजणार कसं? मोठ्या आकड्यातला बारीक फरक पकडायचा म्हणजे गोंगाटात कुजबुज ऐकणं. त्यामुळे १ मिलीयुनिटच्या खाली या चाचणीला दिसायचंच नाही. नॉर्मल माणूस आणि थायरॉइड उधळलेला माणूस, दोघांचा रिपोर्ट सारखाच! ताईचा ०.०७ त्या काळी कुणाला दिसलाच नसता.

दोन हातांची पकड

हा अडसर १९८० च्या दशकात दूर झाला. १९७५ मध्ये केंब्रिजला कोलर आणि मिलस्टीन यांनी एकाच साच्यातल्या अँटीबॉडी हव्या तितक्या बनवायची युक्ती शोधली होती. त्यांना मोनोक्लोनल म्हणतात. मग कल्पना अशी आली की एका हातानं कशाला, टीएसएचला दोन हातांनी दोन वेगळ्या जागी धरू.

यात एक बारकावा आहे. टीएसएचचा रेणू दोन तुकड्यांचा असतो, अल्फा आणि बीटा. अल्फा तुकडा चार हार्मोन्समध्ये तोच असतो: टीएसएच, एलएच, एफएसएच आणि गरोदरपणातलं एचसीजी. जणू चार भावांचं आडनाव एकच. गरोदर बाईच्या रक्तात एचसीजी भरपूर असतं. नुसतं आडनावावरून पकडलं तर चुकीचा भाऊ हाती लागणार. म्हणून निदान एका हाताची पकड बीटा तुकड्यावर, म्हणजे खास टीएसएचच्या ओळखीवर हवी.

आता लॅबमधल्या मशिनच्या आत चला. पहिली अँटीबॉडी टीएसएचला एका बाजूनं धरते. दुसरी अँटीबॉडी दुसऱ्या बाजूनं धरते आणि तिच्या अंगावर प्रकाश देणारं रसायन लावलेलं असतं. मधे टीएसएच, दोन्ही बाजूंना अँटीबॉडी, म्हणून याला सँडविच पद्धत म्हणतात. ही जोडगोळी बारीक चुंबकी कणांवर चिकटवतात. खाली चुंबक लावला की कण नळीच्या भिंतीला धरून राहतात, आणि मग धुऊन टाकतात. जे चिकटलेलं नाही ते सगळं वाहून जातं. उरतं ते फक्त सँडविच. शेवटी रसायन चेतवलं की प्रकाश पडतो, तो यंत्र मोजतं. जितका प्रकाश तितका टीएसएच. आधी माहीत असलेल्या नमुन्यांवरून आलेख तयार ठेवलेला असतो, त्यावरून प्रकाशाचा आकडा टीएसएचच्या आकड्यात बदलतात.

फायदा कळला का? टीएसएच नसेल तर अंधार. अंधारात एक काजवासुद्धा दिसतो. त्यामुळे आजची चाचणी ०.०१–०.०२ पर्यंत विश्वासानं मोजते. पहिल्या चाचणीपेक्षा जवळपास १०० पट बारीक नजर.

रिपोर्टवरचं युनिटही इथेच उलगडतं. एमआययू पर लिटर किंवा मायक्रोआययू पर एमएल, दोन्हींत आकडा तोच येतो, त्यामुळे दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून घाबरू नका. आणि ग्रॅमऐवजी "युनिट" का? कारण टीएसएचच्या रेणूवर साखरेच्या साखळ्या लटकलेल्या असतात आणि त्या प्रत्येक रेणूवर सारख्या नसतात. एकच ठरावीक वजन सांगता येत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा एक प्रमाण नमुना ठेवलाय आणि त्याच्याशी तुलना करून सगळे मोजतात.

"ते काही औषध नाही"

रात्री दीडच्या सुमाराला मी इथवर पोचलो होतो. ताई बाळाला पाजायला उठली होती, तेव्हा पुन्हा फोन लावला. विचारलं, "सध्या काय काय गोळ्या घेतेस?"

"आयर्न, कॅल्शियम. बस."

"अजून काही?"

"नाही रे. ती केसांची घेते सकाळी, पण ते काही औषध नाही, व्हिटॅमिन आहे."

डबीवरचं वाचायला सांगितलं. बायोटिन, १० मिलिग्रॅम. माणसाला दिवसाला बायोटिन लागतं ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास. म्हणजे ताई गरजेच्या ३०० पट घेत होती. आणि रक्त दिलं त्या सकाळीसुद्धा गोळी घेऊन गेली होती.

आता हे का महत्त्वाचं, ते बघा. मघाशी म्हणालो, सँडविच चुंबकी कणांवर "चिकटवतात". कशानं? अनेक कंपन्यांच्या मशिनमध्ये यासाठी जी जोडी वापरली जाते ती म्हणजे बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन. स्ट्रेप्टाव्हिडिन हे एक प्रथिन आहे, ते बायोटिनला इतकं घट्ट धरतं की निसर्गातल्या सगळ्यात पक्क्या पकडींमध्ये तिची गणना होते. कणांवर स्ट्रेप्टाव्हिडिन लावतात, अँटीबॉडीला बायोटिनची शेपटी लावतात, दोघं भेटले की पक्कं. सुंदर इंजिनियरिंग आहे. फक्त त्यात एक गृहीतक आहे: पेशंटच्या रक्तात मोकळं बायोटिन फारसं नसणार.

ताईच्या रक्तात ते भरलेलं होतं. कणांवरच्या सगळ्या जागा त्या मोकळ्या बायोटिननं आधीच अडवल्या. सँडविच व्यवस्थित बनलं होतं, पण त्याला बसायला जागाच नाही. धुताना ते वाहून गेलं. प्रकाश मंद पडला. मशिननं प्रामाणिकपणे लिहिलं: टीएसएच कमी.

आणि फ्री टी४, फ्री टी३? ते रेणू इतके लहान असतात की त्यांना दोन हातांनी धरता येत नाही. तिथे अजूनही एसटीची जुनी चढाओढीची पद्धत आहे, जिथे कमी प्रकाश म्हणजे जास्त हार्मोन. बायोटिननं तिथेही प्रकाश कमी केला. मशिननं लिहिलं: टी४ जास्त. एकाच बिघाडानं एक आकडा खाली गेला, दोन वर गेले, आणि चित्र तयार झालं हुबेहूब उधळलेल्या थायरॉइडचं. आकडे एकमेकांना दुजोरा देतायत असं वाटतं, पण साक्षीदार तिघं असले तरी तिघंही एकाच खिडकीतून बघत होते. याच पद्धतीच्या मशिनवर ग्रेव्हज आजाराची अँटीबॉडी तपासली असती तर तीसुद्धा खोटी पॉझिटिव्ह येऊ शकली असती. मग तर शंकेला जागाच उरली नसती.

सगळ्यात वाईट गंमत कोणती? केस गळतात म्हणून बायोटिन घ्यायचं. बायोटिनमुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकायचा. आणि मग सगळे म्हणणार, "बघ, थायरॉइडमुळेच केस गळत होते."

हे काही गुपित नाही. अमेरिकेच्या एफडीएनं २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. अमेरिकन थायरॉइड असोसिएशन सांगते की तपासणीच्या निदान दोन दिवस आधी बायोटिन बंद ठेवा. बऱ्याच कंपन्यांनी त्यानंतर आपली रसायनं सुधारली आहेत आणि सगळ्या मशिनना हा त्रास होतही नाही. पण तुमचा नमुना कुठल्या मशिनवर जाणार हे तुम्हाला माहीत नसतं. ताईचं रक्त घ्यायला आलेल्या मुलानं नाव, वय, उपाशीपोटी आहात का, एवढंच विचारलं होतं.

मग काय झालं

दुसऱ्या दिवशी ताई नाशिकमधल्याच एका हार्मोनच्या तज्ज्ञांकडे गेली. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी तिला बघितलं. हात पुढे करायला लावले, बोटं थरथरत नव्हती. नाडी ७६. वजन कमी झालेलं नाही. गळ्याला सूज नाही. मग ताईनं डबी दाखवली. डॉक्टर म्हणाले, "आठवडाभर ही बंद. त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासा. तोवर दुसरी कुठलीही गोळी नको."

आठ दिवसांनी टीएसएच १.८. टी३, टी४ नॉर्मल. केस पुढे सहा-सात महिन्यांत आपोआप परत आले.

पहिल्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. बाळंतपणानंतर थायरॉइडला खरोखर सूज येऊ शकते आणि पहिल्या काही महिन्यांत ती उधळल्यासारखी वागते. त्यांची शंका रास्त होती. फक्त आकडा आणि माणूस जुळत नव्हते, आणि तो धागा कुणीतरी ओढायला हवा होता.

पट्टीच्या जरा बाहेर

ताईसारखी गोष्ट रोज घडत नाही. रोज घडते ती ही: टीएसएच ५.१ आला, पट्टी ४.२ पर्यंत आहे, आता काय?

पट्टी कशी ठरते ते बघा. निरोगी लोकांचे नमुने घेतात, मधल्या ९५ टक्क्यांना नॉर्मल म्हणतात. म्हणजे व्याख्येनुसारच १०० निरोगी माणसांत ५ जण पट्टीबाहेर असतात. ही पट्टी मशिनगणिक बदलते. एकीकडे ४.२ ला संपते, दुसरीकडे ४.९ च्या आसपास. तोच माणूस रस्त्याच्या अलीकडच्या लॅबमध्ये आजारी आणि पलीकडच्या लॅबमध्ये ठणठणीत ठरू शकतो.

शिवाय आपला टीएसएच स्वतःच हलत असतो. मध्यरात्रीनंतर सगळ्यात जास्त, दुपारी सगळ्यात कमी. दिवसागणिक होणारा चढउतार साधारण २० टक्क्यांचा. आज ४ असेल तर पुढच्या आठवड्यात ३.२ किंवा ४.८ आला तरी आत काहीही बदललेलं नसू शकतं. मोठ्या आजारातून उठताना तो काही काळ वाढतो. गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत कमी होतो, कारण ते एचसीजी, तो आडनावबंधू, स्वतःच थायरॉइडला थोडी हाक मारतो. म्हणून गरोदर बाईंसाठी पट्टी वेगळी असते.

या सगळ्यामुळे टी४ नॉर्मल आणि टीएसएच जरासाच वाढलेला असेल तर डॉक्टर बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात. अनेकदा तो आपसूक खाली येतो. टीएसएच १० च्या वर गेला तर औषधाकडे कल जास्त. गरोदर असाल किंवा मूल हवं असेल तर गणित वेगळं, तिथे थांबू नका.

उलट बाजूही सांगतो. टीएसएच नॉर्मल आहे म्हणून सगळं ठीक, असंही नेहमी नसतं. वॉचमनच आजारी असेल तर? बाळंतपणात फार रक्तस्राव झाला तर पिट्यूटरीला इजा होऊ शकते. मग टाकी रिकामी असूनही हाक येत नाही. तिथे टीएसएच "नॉर्मल" दिसतो आणि फ्री टी४ पाहिल्याशिवाय काही कळत नाही. कधी रक्तातल्याच इतर अँटीबॉडी टीएसएचला चिकटून तो खोटा वाढलेला दाखवतात. तेव्हा लॅबवाले नमुना पातळ करून बघतात. निम्मा पातळ केल्यावर आकडा निम्मा आला नाही, तर कुठेतरी पाणी मुरतंय. किंवा दुसऱ्या कंपनीच्या मशिनवर तपासतात. आमच्या भाषेत, दुसऱ्या टूलनं खात्री करतात.

एवढं लक्षात ठेवा

दर वेळी शक्यतो त्याच लॅबमध्ये, सकाळी त्याच सुमाराला रक्त द्या. थायरॉइडची गोळी चालू असेल तर त्या दिवशी रक्त देऊन झाल्यावर घ्या. केसांच्या, नखांच्या, त्वचेच्या गोळ्यांत बायोटिन आहे का ते डबीवर वाचा आणि असेल तर डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी थांबवा. "काय काय घेता?" या प्रश्नाला उत्तर देताना व्हिटॅमिन, प्रोटीन पावडर, पार्लरवालीनं दिलेली गोळी, सगळं सांगा. आणि पहिल्याच रिपोर्टवर आयुष्यभराची गोळी ठरत असेल, किंवा रिपोर्ट ओरडतोय पण माणूस शांत आहे असं दिसत असेल, तर डॉक्टरांना नम्रपणे विचारा, "पुन्हा एकदा तपासून बघूया का?" चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.

माझा या चाचणीवरचा विश्वास कमी झाला का? उलट वाढला. सात कोटींतलं एक शोधून काढणारं यंत्र आहे ते. पण त्याला फक्त प्रकाश दिसतो. ताईच्या हातातली डबी त्याला दिसत नाही, ती आपणच दाखवायची असते.

तर मंडळी, घरात जो कुणी सकाळी चहाआधी ती गोळी घेतो, त्याला हा भाग पाठवा. प्रश्न असतील तर लिहा. आणि हो, ताईचं बाळ आता चालायला लागलंय. बाटली त्यानं शेवटपर्यंत तोंडात धरली नाही. भेटू पुढच्या भागात.